नव्याण्णव डॉलरची धूळ

आमच्या बेळगावच्या घरात वायुनलिका नाही. मंगळुरी कौलांच्या फटी, स्वयंपाकघरातला झरोका आणि दिवसभर उघडे असलेले पुढचे दार, एवढीच आमची हवेची व्यवस्था. ज्या गावाला लोक गरिबांचे महाबळेश्वर म्हणत आले, तेथे हवा विकत घेण्याची किंवा धुऊन घेण्याची पाळी सहसा कोणावर येत नाही. तेव्हा घरातल्या वायुनलिका कंपनीकडून साफ करून घ्याव्यात की नाहीत, या विषयावर मी लेख लिहिला आहे हे पाहून आमच्या वर्गातली मंडळी हसतील. हसोत. माझ्यापुढे हा प्रश्न खराखुरा आला, रात्री साडेनऊ वाजता, फोनवरून. आणि उत्तर दुसऱ्या दिवशीच द्यायचे होते.

त्याचे असे झाले. माझी थोरली बहीण अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात एडिसन येथे राहते. दोन वर्षांपूर्वी ताई आणि दाजी यांनी तेथे एक जुने घर विकत घेतले. माझा भाचा चार वर्षांचा आहे. गेल्या डिसेंबरात त्याला रात्रीचा खोकला लागला. दिवसा खेळतो, जेवतो, आणि झोपल्यावर तासाभराने ढास सुरू. तेथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, दमा असेलही, इतक्या लहान वयात एकदम नाव देता येत नाही, लक्ष ठेवा. असे अर्धवट उत्तर आईबापांना किती छळते हे ताईच्या आवाजावरून आम्हाला कळत होते. नेमके त्याच आठवड्यात तिच्या टपालपेटीत एक रंगीत पत्रक येऊन पडले. वर शांत झोपलेले बाळ, खाली काळ्या धुळीने भरलेली पत्र्याची नळी, आणि मधोमध ठळक अक्षरांत : संपूर्ण घराच्या एअर डक्टची सफाई फक्त ९९ डॉलर! त्या भागात त्यांची गाडी दोनच दिवस येणार होती.

"तू कॉमर्सवाला ना? मग सांग, बोलवू का नको?" ताईने विचारले.

मी तोंड उघडण्याआधीच शेजारून आई म्हणाली, "त्यात विचारायचं काय? पोरापेक्षा पैसा मोठा आहे का?"

सगळी मेख या वाक्यात आहे. एकदा असे म्हटले की 'नको' म्हणणारा चिक्कू ठरतो, आणि उद्या मुलाचा खोकला वाढला तर गुन्हेगारही ठरतो. पत्रक लिहिणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते; म्हणून तर त्याने बाळाचे चित्र छापले. मी ताईकडून एका दिवसाची मुदत मागून घेतली. त्या दिवसात आणि पुढे महिनाभर जे वाचले, विचारले आणि ताडून पाहिले ते येथे मांडतो.

आधी ही नळी म्हणजे काय ते पाहू, कारण आपल्याकडे ती सिनेमागृहात, मोठ्या इस्पितळात किंवा मॉलच्या छतालाच दिसते. अमेरिकेत आणि कॅनडात कोट्यवधी घरांत ती असते. तळघरात किंवा माळ्यावर एक भट्टी असते, तिला ते फर्नेस म्हणतात. ती गॅसवर, तेलावर किंवा विजेवर हवा तापवते. भट्टीतला पंखा ही गरम हवा पत्र्याच्या नळ्यांतून खोलीखोलीत ढकलतो. खोलीत जमिनीवर किंवा भिंतीत जाळीचे तोंड असते, त्यातून ती बाहेर पडते. हे झाले पुरवठ्याचे तोंड. खोलीतली थंड झालेली हवा दुसऱ्या, बहुधा मोठ्या जाळीतून परत ओढली जाते. ते परतीचे तोंड. उन्हाळ्यात याच नळ्यांतून थंड हवा फिरवतात. म्हणजे घरातली तीच हवा दिवसभर फिरत असते, बाजारातल्या नोटेसारखी. १९७३ च्या तेलसंकटानंतर तिकडे इंधन वाचविण्यासाठी घरे अधिकाधिक घट्ट बांधू लागले. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून फटी बुजविल्या, आणि त्याबरोबर ताजी हवा आत येण्याच्या वाटाही बुजल्या. हिवाळ्यात तर महिनामहिना खिडकी उघडत नाहीत.

या सगळ्या खटाटोपात एक साधी वस्तू महत्त्वाची आहे, ती म्हणजे फिल्टर, आपल्या शब्दांत गाळणी. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला, घड्या घातलेला, बहुधा इंचभर जाडीचा हा पडदा परतीची नळी आणि पंखा यांच्या मध्ये सरकवलेला असतो. खोलीतली धूळ परतीच्या हवेबरोबर येते आणि गाळणीत अडकते. पुढे भट्टीतून पुरवठ्याच्या नळीत जाते ती गाळलेली हवा. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे. पत्रकातल्या चित्रात तो कोठेच नव्हता. चित्र पाहून असे वाटते की नळीत साठलेली सगळी धूळ रात्रभर बाळाच्या अंगावर येत असते.

येथे एक दुभाषी विनोद सांगितल्याशिवाय राहवत नाही. कन्नडमध्ये 'गाळी' म्हणजे वारा, हवा. मराठीत 'गाळ' म्हणजे तळाशी बसलेला चिखल. आमच्या ताईचा प्रश्न नेमका एवढाच होता की नळीतला गाळ गाळीत येतो की नाही!

या प्रश्नाला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, फार पूर्वी उत्तर दिलेले आहे. घरातल्या वायुनलिका साफ करून घ्याव्यात काय, अशाच अर्थाच्या नावाची एक पुस्तिका तिने १९९७ साली सामान्य घरमालकांसाठी काढली. तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की नळ्यांच्या सफाईमुळे आरोग्याचे विकार टळतात असे कधीही सिद्ध झालेले नाही. नळ्या मळक्या असल्यामुळे घरातल्या हवेत धूळ वाढते, हेही अभ्यासांतून निर्णायकपणे दिसलेले नाही. कारण साधे आहे. नळीतली बरीचशी धूळ पत्र्याला चिकटून बसते. ती खोलीत येतेच असे नाही. नेहमीच्या संसारातली थोडीफार धूळ नळीत असली तर तिच्यापासून धोका नसावा, असे ही संस्था म्हणते. ठराविक काळाने नळ्या साफ कराच असा सल्ला ती देत नाही. गरज दिसली तरच करा, म्हणते. कॅनडाच्या सरकारी गृहनिर्माण महामंडळानेही याचा अभ्यास करविला. नळ्या साफ केल्याने घरातल्या हवेचा दर्जा सहसा बदलत नाही आणि हीटिंगचा खर्चही लक्षात येण्याइतका कमी होत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे.

मग लोक पैसे का देतात? या ठिकाणी आमचे वाणिज्य उपयोगी पडते.

बाजारात माल तीन प्रकारचा असतो. पहिला, पाहून पारखता येणारा : साडीचा पोत, वांग्याला पडलेली कीड. दुसरा, वापरल्यावर कळणारा : आंबा कापल्यावर गोड की आंबट ते समजते, आणि पुढच्या वेळी आपण त्या गाडीवाल्याकडे जातो किंवा जात नाही. हा भेद अर्थशास्त्रज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० साली मांडला. त्याच वर्षी जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की विकणाऱ्याला माहीत आणि घेणाऱ्याला अंधार, अशी स्थिती असली की चांगला माल बाजारातून हटतो आणि वाईट उरतो. २००१ साली ज्या तिघांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले त्यांत ते होते. परंतु आपल्या कामाचा आहे तो तिसरा प्रकार. १९७३ साली मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी त्याकडे लक्ष वेधले. घेण्यापूर्वी कळत नाही, आणि घेऊन वापरल्यावरही कळत नाही, असा हा माल असतो. तो केवळ विश्वासावर घ्यायचा. डॉक्टरने काढायला लावलेली चाचणी खरोखर लागणार होती का? मिस्त्रीने बदललेला भाग खराब झाला होता का? आपल्याला शेवटपर्यंत उमजत नाही.

याचा अनुभव आमच्या घराने घेतलेला आहे. बाबांचे खडेबाजारात तयार कपड्यांचे छोटे दुकान आहे. कपडे घालून पाहायच्या खोलीत गिऱ्हाईक घामाघूम होते म्हणून त्यांनी एक एसी बसविला. पहिल्या मार्चात एसी थंड करीना. एक मेकॅनिक आला, म्हणाला, गॅस संपला. भरला, पैसे घेतले, थंडावा आला. दुसऱ्या मार्चात पुन्हा गॅस संपला. तिसऱ्या मार्चातही. बाबा समजत होते की स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा हाही गॅस वापरून संपत असेल. चौथ्या वर्षी माझ्या एका कन्नड वर्गमित्राचे वडील सहज दुकानात आले होते. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत त्यांची उभी हयात गेली. ते म्हणाले, हा गॅस बंद नळीत फिरतो, तो खर्च होण्याची वस्तूच नव्हे. कमी झाला म्हणजे कोठेतरी गळतो आहे. त्यांनी तांब्याच्या नळीच्या सांध्यावर साबणाचा फेस लावायला सांगितले. बुडबुडा आला. तीन वर्षे आम्ही गळक्या घागरीत पाणी विकत घेऊन ओतत होतो! आणि गंमत अशी की दरवेळी गॅस भरल्यावर हवा थंड होत असे, त्यामुळे बाबा त्या मेकॅनिकवर खूशच होते.

नळ्यांच्या सफाईत तर हा एवढा पुरावाही हाती येत नाही. माणसे गेल्यावर हवा पूर्वीसारखीच दिसते. खोकला कमी झाला तर श्रेय सफाईचे. न झाला तर दोष थंडीचा. चार वर्षांच्या मुलाचा खोकला दोन-तीन आठवड्यांत बहुधा आपोआपच उतरतो, हे तर सर्वांनाच माहीत आहे. म्हणून या तिसऱ्या प्रकारच्या मालात निर्णयाचा पाया 'घेऊन बघू या' हा असूच शकत नाही. घेऊन काही दिसत नाही. जे काय बघायचे ते घेण्यापूर्वीच बघितले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात जाण्यापूर्वी मी त्या मित्राच्या वडिलांकडे गेलो. फाउंड्रीत धूळ ओढून घेणाऱ्या मोठाल्या नळ्या असतात आणि त्या साफ कराव्याच लागतात, तेव्हा त्यांना विचारावे असे वाटले. सगळे ऐकून घेऊन ते एवढेच बोलले, "मोदल बिच्चि नोडप्पा." आधी खोलून बघ रे बाबा.

तोवर मी एक काम करून ठेवले होते. पत्रकातल्या ९९ डॉलरांचा खर्चताळेबंद मांडला होता. घर नीट साफ करायचे तर पुरवठ्याच्या आणि परतीच्या सर्व नळ्या, जाळ्या, भट्टीतला पंखा, थंड करणारे वेटोळे, हे सगळे साफ झाले पाहिजे; एक भाग सोडला तर घाण पुन्हा सगळीकडे फिरते. त्यासाठी मोठा व्हॅक्यूम, आतून फिरणारे ब्रश आणि दोन तरी माणसे लागतात. दोन माणसांना चार तास धरले तर आठ मनुष्यतास होतात. ९९ भागिले ८ म्हणजे तासाला १२ डॉलर ३७ सेंट. न्यू जर्सीत बहुतेक नोकरदारांसाठी किमान वेतनच २०२४ पासून तासाला १५ डॉलरच्या वर आहे. म्हणजे गाडीचे पेट्रोल, यंत्राचा घसारा, विमा, पत्रक छापून टपालाने पाठविण्याचा खर्च आणि मालकाचा नफा हे सारे बाजूला ठेवले तरी नुसती मजुरीसुद्धा ९९ डॉलरांत निघत नाही. ईपीएच्या पुस्तिकेत या कामाचा सर्वसाधारण दर एका यंत्रणेला ४५० ते १००० डॉलर असा दिला आहे. आपल्या रुपयांत तो चाळीस हजारांच्या आसपास सुरू होऊन ऐंशी-नव्वद हजारांपर्यंत जातो. तेव्हा ९९ डॉलरवाला एक तर काम करणार नाही, जाळ्यांपाशी व्हॅक्यूम फिरवून तासाभरात निघून जाईल; किंवा ९९ ही फक्त दारातून आत येण्याची किंमत आहे.

दुसरेच खरे निघाले. ताईच्या शेजारणीने आदल्या वर्षी अशाच एका पत्रकावरून माणसे बोलावली होती. आत आल्यावर त्यांनी प्रत्येक जाळीचे वेगळे पैसे सांगितले, परतीच्या नळीचे आणखी वेगळे, आणि मग मोबाईलवर एक फोटो दाखवून म्हणाले, तुमच्या नळीत बुरशी आहे, औषध फवारावे लागेल. घरात तान्हे मूल. तिने सहाशेवर डॉलर दिले. तो फोटो तिच्याच घरातला होता का, हे विचारण्याचे तिला सुचले नाही. कोणाला सुचले असते?

बुरशीच्या बाबतीत मी वाचले ते येथे थोडे विस्ताराने सांगतो, कारण भीती मुख्यतः तिची घालतात. नळीत दिसणारा प्रत्येक काळा डाग बुरशी नसतो. कित्येकदा ती नुसती धूळ असते. दाखविणाऱ्याने आपल्याच घरातली जागा आपल्या डोळ्यांना दाखवली पाहिजे. तरीही शंका राहिली तर साध्या पारदर्शक चिकटपट्टीवर नमुना घेऊन प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. त्याला सुमारे ५० डॉलर पडतात असे ईपीएने नमूद केले आहे. आणि बुरशी खरोखरच निघाली तरी ती ओलाव्याशिवाय वाढत नाही. पाणी कोठून झिरपते ते बंद केले नाही तर साफ केलेली नळी पुन्हा बुरशीने भरेल. आमच्या दुकानातल्या गॅससारखेच. नळीला आतून काचतंतूंचे अस्तर असेल आणि ते भिजून बुरसले असेल, तर ते साफ होत नाही, काढून नवे घालावे लागते. नळीत जंतुनाशक फवारण्याची तर घाई मुळीच करू नये. ते औषध पुढे त्याच हवेतून मुलाच्या छातीत जाणार असते.

आणखी एक खूण. एखादा सफाईवाला 'आम्ही ईपीएमान्य आहोत' असे सांगू लागला तर त्याला तेथेच नमस्कार करावा. ती संस्था कोणत्याही सफाई कंपनीला मान्यता देत नाही, प्रमाणपत्र देत नाही. या धंद्यातल्या लोकांची १९८९ साली स्थापन झालेली एक संघटना आहे, नॅशनल एअर डक्ट क्लीनर्स असोसिएशन. तिने कामाची मानके ठरविली आहेत. त्या मानकांप्रमाणे काम करणारे प्रामाणिक लोकही पुष्कळ आहेत, आणि ९९ डॉलरच्या पत्रकांचा पहिला फटका त्यांनाच बसतो. अकरलॉफ यांनी सांगितले ते हेच.

त्या रात्री मी ताईला सांगितले, आज बोलवू नकोस. आधी खोलून बघ. आई काही बोलली नाही, पण फोन माझ्या हातात ठेवून आत निघून गेली. मला बरे वाटले नाही. पुस्तिकेतली वाक्ये वाचून दाखविणे सोपे असते. दहा हजारांवर किलोमीटर दूर खोकणाऱ्या भाच्याबद्दल 'नको' म्हणताना माझाही आवाज थोडा चाचरलाच.

कोणत्या परिस्थितीत नळ्या साफ करून घ्याव्यात, याबद्दल ईपीए तीन गोष्टी सांगते. आत डोळ्यांना दिसेल इतकी बुरशी असणे; उंदीर किंवा किडे यांनी आत ठाण मांडलेले असणे; आणि धूळ-कचरा इतका साचणे की नळी तुंबावी किंवा जाळीतून कण खोलीत उडताना दिसावेत. दाजींनी शनिवारी पेचकस घेऊन एकेक जाळी खोलली, मोबाईल आत घालून फोटो काढले आणि ते आम्हाला पाठविले. मुलाच्या खोलीतल्या नळीत धुळीचा पातळ थर, एक रंगीत खडू, दोन शेंगदाणे आणि जुन्या मालकाच्या मुलाची असावी अशी एक छोटी मोटार निघाली. ओल नाही, उंदराच्या लेंड्या नाहीत. परतीच्या मोठ्या जाळीवर मात्र करड्या धुळीची साय आली होती. ती पाहून आईने "बघ!" म्हटले. पण परतीच्या जाळीवर धूळ बसणे हा तिचा स्वभावच आहे, कारण खोलीतली धूळभरली हवा तिच्यातूनच ओढली जाते. त्यावरून आतली नळी घाण ठरत नाही. ती जाळी काढून धुऊन लावली की झाले.

मग दाजी तळघरात गेले आणि त्यांनी गाळणी बाहेर ओढली. तिचा फोटो मी अजून ठेवला आहे. मूळचा पांढरा पडदा गोधडीसारखा जाड आणि काळपट झाला होता, मध्ये पोक आले होते, आणि एका कडेने चौकट दुमडून बोटभर फट पडली होती. त्या फटीतून हवा न गाळताच पुढे जात होती. घर घेतल्यापासून ती बदललीच नव्हती. ताई संगणक अभियंता, दाजी औषध कंपनीत; पण ही वस्तू बदलायची असते हे दोघांनाही कोणी सांगितले नव्हते. अशी गाळणी साधारण महिन्यापासून तीन महिन्यांच्या आत बदलावी लागते. तिच्या बारीकपणाला 'मर्व्ह' नावाचे १ ते १६ असे अंक असतात; अंक मोठा तितकी गाळणी बारीक. ईपीए १३ अंकाची, किंवा आपल्या यंत्राचा पंखा झेपेल तितक्या वरच्या अंकाची घ्या, असे सुचवते. 'झेपेल' हा शब्द महत्त्वाचा आहे. फार दाट पडदा जुन्या पंख्यापुढे लावला तर हवाच पुढे सरकत नाही. चौकटीवर बाण छापलेला असतो, त्याचे टोक हवा जाते त्या दिशेला म्हणजे भट्टीकडे हवे. नव्या गाळणीला काही डॉलर लागतात, शेकडो लागत नाहीत.

गाळणीने खोकला जाईल असेही मी म्हणत नाही. मळकी नळी हे घरातल्या हवेच्या अनेक शक्य कारणांपैकी एक, आणि बहुधा मागच्या बाकावरचे. पुढच्या बाकावर कोण बसले आहे? गादी, उशी आणि गालिचा यांत राहणारे धुळीतले सूक्ष्म कीटक, पाळीव जनावरांची लव, झुरळे, ओल, आणि धूर. धुराचे नाव काढताच ताई फोनवर गप्प झाली. तिच्या स्वयंपाकघरात चुलीवर जे हूड आहे ते हवा बाहेर टाकत नाही. जाळीतून फिरवून पुन्हा खोलीतच सोडते. त्या घट्ट बंद घरात रोज मोहरी-मिरचीची फोडणी, शनिवारी तळण, आणि देवापुढे दोन वेळा उदबत्ती. बेळगावच्या घरात तोच धूर कौलांतून निघून जातो, म्हणून आम्ही त्याला कधी धूर म्हटलेच नाही. आईला हे मुळीच पटले नाही. उदबत्तीने कोणाला खोकला येतो का, असे तिचे म्हणणे. पण फोडणीच्या वेळी खिडकी दोन बोटे उघडी ठेवावी, यावर आई आणि मी यांचा तह झाला.

याच शोधात दोन गोष्टी अशा सापडल्या की ज्यांवर पैसे खर्च करण्यात मुळीच कंजुषी करू नये. पत्रकात त्यांचे नावही नव्हते. एक, भट्टी गॅसवर किंवा तेलावर चालत असेल तर दर हिवाळ्यापूर्वी जाणकाराकडून तिची तपासणी. अर्धवट जळण्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि तो झोपेत माणूस मारतो. दुसरी, कपडे वाळविण्याच्या यंत्राची बाहेर जाणारी नळी. तिच्यात कपड्यांचा तंतू साचतो आणि तो कापसासारखा पेटतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांसाठी अशा यंत्रांमुळे घरांना लागणाऱ्या आगींचा अंदाज वर्षाला सुमारे २९०० दिला होता, आणि सफाई न करणे हे त्यांचे आघाडीचे कारण होते. म्हणजे त्या घरात साफ करण्यासारखी एक नळी होती. पण ती वेगळीच.

दाजींनी ती नळी काढली तेव्हा उशीचे अर्धे पोट भरेल एवढा तंतू निघाला. भट्टीच्या तपासणीसाठी त्यांनी माणूस बोलावला, त्याला पुरे पैसे दिले आणि काम चालू असताना शेजारी उभे राहून पाहिले. घरमालकाने असे उभे राहिलेले कारागिराला आवडत नाही, हे मला बाबांच्या दुकानातून माहीत आहे. तरी उभे राहावे.

भाच्याचा खोकला जानेवारीच्या अखेरीस कमी झाला. गाळणीने, खिडकीने, डॉक्टरांनी दिलेल्या वाफेच्या औषधाने, की नुसत्या दिवस गेल्याने, ते मला सांगता येणार नाही. आई म्हणते, तिने बोललेल्या नवसाने. मार्चात पुन्हा दोन रात्री ढास लागली होती. डॉक्टर अजून लक्ष ठेवून आहेत. फोडणीच्या वेळची खिडकी मात्र थंडीतही उघडी राहते. ताई रोज रात्री व्हिडिओ कॉलवर आईला ती दाखवते, आणि आई उदबत्तीचा विषय काढत नाही.

परवा ताईने आणखी एका पत्रकाचा फोटो पाठविला. आता भाव ७९ डॉलर झाला आहे, आणि बाळाऐवजी आजीचे चित्र आहे. त्याच्याखाली दुसरा फोटो होता, तळघरातल्या नव्या गाळणीचा. तिच्या चौकटीवर दाजींनी काळ्या शाईने बसविल्याची तारीख घातली आहे, आणि शेजारी भाच्याने खडूने एक बाण काढला आहे, छापील बाणाच्या अगदी उलट दिशेला.